घरच्या बारला सिंक कुठलं घेऊ? आधी पाणी जाणार कुठून ते बघा

नाशिकहून एका ताईंचं पत्र आलंय, लांबलचक आहे म्हणून थोडक्यात देते:

"गंगापूर रोडला चौथ्या मजल्यावर आमचा थ्री बीएचके आहे, रिनोव्हेशन चालू आहे. हॉलमध्ये बाल्कनीच्या दाराशेजारी एक कोपरा आहे तिथे साडेपाच फुटी बार करायचाय. किचनची भिंत तिथून बारा फूट लांब. डिझायनरने आधी डायनिंगजवळची भिंत सुचवली होती, तिच्यामागे ड्राय बाल्कनी आहे, पण आम्हाला कोपराच आवडला. आता सिंकवर गाडी अडलीये. डिझायनर म्हणते काउंटरवर ठेवायचं तांब्याचं गोल बाऊल घ्या, फोटोत भारी दिसतं. मिस्टरांना काळं क्वार्ट्झचं हवंय. दीर म्हणतात लांबडं ट्रफ करा, बर्फ भरून बाटल्या ठेवू. प्लंबर म्हणतो काहीही आणा, पाइप बाल्कनीच्या जाळीत सोडून देतो. सासूबाई म्हणतात हॉलमध्ये सिंक कशाला, किचन काय गावाला गेलंय का. महिन्यातून एक-दोनदा सहा-आठ जण येतात, एरवी काउंटरवर कॉफी मशीन आणि मुलांचा पसारा असणार. पाण्यात बोअरचं मिक्स असतं. सिंक आणि नळ मिळून पंधरा हजार ठेवलेत. कुठली स्टाइल घेऊ?"

ताई, तुमच्या घरात स्टाइलबद्दल सगळे बोललेत, पाण्याबद्दल फक्त प्लंबर बोललाय आणि नेमका तोच चुकीचं बोललाय. म्हणून आधी त्याचं बघू, सिंक पळून जात नाही.

बाल्कनीची जाळी ही पावसाच्या पाण्यासाठी असते. बहुतेक बिल्डिंगमध्ये ती लाइन वेगळी असते, खाली उघड्या गटारीत नाहीतर रेनवॉटर हार्वेस्टिंगच्या खड्ड्यात जाते, किचन-बाथरूमच्या ड्रेनेजशी तिचा काही संबंध नसतो. तिच्यात तुम्ही लिंबाचा चोथा, बिअर आणि भांड्यांचा साबण सोडायला लागलात की महिन्याभरात खालच्या मजल्यावरच्या काकू वर येतील, त्यांच्या मागोमाग सोसायटीचं पत्र येईल, आणि त्या दोघांचंही बरोबर असेल. शिवाय त्या लाइनला बऱ्याचदा ट्रॅपच, म्हणजे पाणी धरून ठेवणारा पाइपचा वाकडा भाग, नसतो, म्हणजे खालच्या झुरळांना थेट तुमच्या ग्लासांपर्यंत लिफ्ट लावून दिल्यासारखं आहे. प्लंबरला त्याचं काय, तो पैसे घेऊन पुढच्या साइटवर.

बरं मग कोपऱ्यातून किचनच्या लाइनला नेऊ म्हणाल तर हिशोब करा. सांडपाण्याच्या पाइपला साधारण चाळीसला एक असा उतार धरतात, म्हणजे मीटरला अडीच सेंटीमीटर. बारा फूट म्हणजे साडेतीन मीटरच्या वर, म्हणजे पाइपचं दुसरं टोक नऊ सेंटीमीटर, साडेतीन इंच खाली गेलं पाहिजे, आणि पाइपची स्वतःची जाडी वेगळीच. हॉलच्या फरशीखाली तेवढी जागा नसते, जागा सोडलेली असते ती टॉयलेट-बाथरूमच्या खाली. स्लॅबला हात लावायचा नाही, त्यावर चर्चाच नको. भिंतीच्या कडेने स्कर्टिंगच्या वरून पाइप नेऊन त्याला बॉक्सिंग करता येतं, पण मधे एखादं जरी दार आलं तरी संपलं. आणि उतार कमी दिला तर लिंबाच्या बिया, पुदिन्याची पानं, चखन्याचा चुरा सगळं वाटेत बसून राहतं आणि मग दर दोन महिन्यांनी कोणीतरी तारेने पाइप मोकळा करतोय.

म्हणून माझं पहिलं म्हणणं, बार डायनिंगजवळच्या भिंतीवर न्या. डिझायनर तांब्याच्या बाऊलबाबतीत जे म्हणते त्यावर नंतर येते, पण जागेबाबत तिचं पहिलं मत बरोबर होतं. मागे ड्राय बाल्कनी म्हणजे वॉशिंग मशीनचं ड्रेनेज तिथे आहेच, नळाची लाइन आहेच, भिंतीला एक आरपार होल मारलं की पाइप दोन-तीन फुटात तिथल्या जमिनीतल्या जाळीखालच्या नहाणी ट्रॅपला भेटतो. होल विटांच्या भिंतीत मारायचं, बीम-कॉलमला नाही, हे मिस्त्रीला समोर उभं राहून सांगा. पाइप चाळीस एमएमचा घाला, बेसिनला लावतात तो बत्तीसचा बारीक नको. कोपरा गेला म्हणून वाईट वाटेल दोन दिवस, तिथे एक छान खुर्ची आणि दिवा ठेवा, बसणारे तिथेच बसतील बघा.

आणि ते काही कारणाने जमतच नसेल, कोपराच हवा असेल, तर सिंक करू नका. खरंच सांगते. बर्फाची बादली, एक मोठा जग, ग्लास ठेवायला ट्रे, खाली छोटा फ्रिज, एवढ्यावर आठ माणसांची संध्याकाळ मजेत होते आणि ग्लास शेवटी किचनमध्येच धुतले जातात. सासूबाईंचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही.

आता भिंत बदलली असं धरून सिंकवर येऊ.

तांब्याचं बाऊल. दिसतं सुंदर, वादच नाही, मठारकाम केलेल्या, म्हणजे हातोडीने ठोके उठवलेल्या, तांब्यावर दिवा पडला की माणूस बघत राहतो. पण तुम्ही तांब्याचे तांबे-पातेली घासलेली असणार, तुम्हाला मी काय सांगू की तांब्यावर लिंबू पडलं की काय होतं? गडद रंग चढलेल्या तांब्यावर लिंबाची फोड पाच मिनिटं राहिली की तेवढाच गुलाबी लख्ख डाग, आणि बारवर लिंबाशिवाय दुसरं काय कापलं जाणारे? मग एक तर रोज पितांबरी घेऊन बसा नाहीतर डाग हीच डिझाइन आहे असं पाहुण्यांना सांगा. लॅकर, म्हणजे पारदर्शक वार्निश, मारलेलं तांबं मिळतं, पण काचेचे ग्लास आपटून लॅकरला चरे पडले की चऱ्याचऱ्यातून काळं पडतं आणि ते आणखी वाईट दिसतं. ही झाली धातूची गोष्ट, खरी अडचण पुढे आहे, आकाराची. काउंटर तीन फुटांवर, त्यावर पाच-सहा इंचाचं बाऊल, म्हणजे कडा जमिनीपासून एकेचाळीस-बेचाळीस इंचांवर. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईचं कोपर साधारण अडतीस इंचावर येतं. म्हणजे ग्लास विसळताना हात वर उचलून धरायचे आणि पाणी मनगटावरून कोपराकडे ओघळणार, दर वेळी. त्यात बाऊल उथळ आणि बूड गोल, वरून नळाची धार पडली की निम्मं पाणी काउंटरवर, आणि ग्लास आत उभा राहत नाही, आडवा पडतो. हे बाऊल ज्या फोटोत बघितलंय त्या फोटोत नळ चालू आहे का बघा एकदा.

तांब्याची हौस मात्र मारू नका. पुण्याला तांबट आळीत मठारकामाच्या वस्तू मिळतात, तिथून बर्फाची बादली घ्या, आतून कल्हई केलेली बघून. काउंटरवर ती बादली तेवढीच चमकेल, डिझायनर खूश आणि तिला पाइप जोडायचा नाही.

मिस्टरांचं काळं क्वार्ट्झ. हे वाईट नाही, किचनला मी लोकांना सुचवतेसुद्धा, डाग पटकन धरत नाही आणि गरम भांड्याचं फारसं टेन्शन नसतं. पण किचनमध्ये आपण स्टीलची भांडी टाकतो, बारच्या सिंकमध्ये काच पडते. क्वार्ट्झच्या सिंकमध्ये ऐंशी टक्क्यांच्या आसपास दगडाचा चुरा आणि बाकी रेझिन असतं, म्हणजे तो दगडच समजा, वाइनच्या ग्लासची दांडी त्याच्या कडेला नुसती टेकली तरी टक्कन जाते. रात्री साडेअकराला ग्लास कोण विसळतंय आणि कुठल्या अवस्थेत हे पण धरा हिशोबात. दुसरं तुमचं बोअरचं पाणी. काळ्या पृष्ठभागावर जड पाण्याचे पांढरे ठिपके असे उठून दिसतात की सकाळी पुसलं तरी दुपारी परत. आजकाल काळं कोटिंग केलेलं स्टीलचं सिंकही मिळतं, त्यात काच थोडी वाचेल पण ठिपके तेच, आणि कामवाल्या मावशींनी एकदा तारेची घासणी फिरवली की कोटिंगची वाट लागली. मिस्टरांना काळंच हवं असेल तर नळ काळा घ्या, वर ग्रॅनाइट काळा घ्या. ग्रॅनाइटला लिंबाने काही होत नाही. मार्बल मात्र बारच्या वाटेला जाऊ देऊ नका, लिंबू आणि मार्बल यांचं वैर आहे, पॉलिश उडून पांढरट खळगा पडतो आणि तो पुसून जात नाही. कोकम सरबत सांडलं तर तो रंग वेगळाच.

दिरांचं ट्रफ. कल्पना चांगली आहे पण ती हॉटेलवाल्याला किंवा फार्महाऊसवाल्याला. तुमचा बार साडेपाच फुटी, त्यात तीन फूट ट्रफने खाल्ले तर कॉफी मशीन, मुलांच्या वह्या आणि बाटल्या जाणार कुठे? आणि बर्फ भरलेल्या सिंकमध्ये ग्लास विसळता येत नाही हे लोक विसरतात, ज्या संध्याकाळी सिंकची खरी गरज असते नेमकं त्याच संध्याकाळी ते बर्फाने अडवलेलं असतं. त्यापेक्षा टब वेगळा ठेवा. दिरांना एक गोष्ट आवर्जून सांगा, बिअर पटकन गार व्हावी म्हणून बर्फात मीठ टाकायची युक्ती त्यांना माहीत असणारच, कुठल्याही सिंकमध्ये ती करायची नाही. मिठाचं पाणी स्टीलला टोचून बारीक खड्डे पाडतं आणि तिथून गंज सुरू होतो, चांगल्या स्टीलला पण.

मग घ्यायचं काय? साधं, चौकोनी, एका बाऊलचं स्टीलचं सिंक, ग्रॅनाइटच्या खालून बसवलेलं. सोळा बाय सोळा किंवा अठरा बाय सोळा इंच, खोली आठ इंच. याहून लहान बारा इंची मिळतात पण त्यात जग तिरका करावा लागतो. खालून का, तर बारवर सांडणारं सगळं पाणी, सोडा, टरफलं एका हाताने सिंकमध्ये लोटता येतात. वरून बसवलेल्या सिंकला कड असते, त्या कडेला चिकट पाणी अडतं आणि कोरडं झालं की काळी रेघ. सुताराला वरून बसवणं सोपं जातं म्हणून तो तेच म्हणेल, ऐकू नका.

सिंक घेताना एक सोय जरूर बघा, आतल्या बाजूला वरच्या कडेपाशी एक पायरी असते, तिच्यावर लाकडी फळी सरकवता येते. त्या फळीवर लिंबू कापा, आणि पार्टी नसेल तेव्हा फळी लावून सिंक झाका, वर मुलांची चित्रकला चालू. महिन्यातले अठ्ठावीस दिवस तुम्हाला सिंक नकोच आहे, काउंटर हवाय, त्यामुळे माझ्या मते ही फळी बाकी सगळ्या स्टाइलपेक्षा जास्त कामाची. फळी चुकून पाण्यात पडून राहिली तर फुगते, तेवढं सांभाळा.

स्टील ३०४ ग्रेडचं घ्या, जाडी एक एमएम किंवा त्याच्या वर. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवेल, बघा चिकटत नाही, म्हणजे ३०४. असं काही नसतं. २०२ ग्रेडला पण चुंबक चिकटत नाही, आणि त्यात निकेल कमी असल्यामुळे गंज लवकर धरतो. फरक ओळखायला रंग बदलणाऱ्या लिक्विडचा थेंब टाकून बघतात, चांगल्या दुकानात ते असतं, नसेल तर बिलावर ३०४ लिहून मागा. लिहायला का-कू करत असेल तर तुम्हाला उत्तर मिळालंच. कोपरे किंचित गोलाई असलेले घ्या, दहा एमएमचे चालतील, अगदी काटकोनी कोपऱ्यात घाण बसते आणि ती काढायला टूथब्रश लागतो.

सिंक उलटं करून बघायला लाजू नका. खाली रबराचे पॅड आणि राखाडी कोटिंग असलं पाहिजे. त्याने पाण्याचा धडधड आवाज कमी होतो हे सगळे सांगतात, पण बारसाठी कारण दुसरं आहे. बर्फ ओतला की सिंकच्या खालच्या बाजूला घाम येतो, जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तर थेंब टपटपतात, आणि खाली तुमच्या सुताराने कपाट केलंय. कोटिंग नसेल तर ते पाणी प्लायमध्ये मुरतं, पहिल्या पावसाळ्यात लॅमिनेट कडेने उचकटतं आणि दुसऱ्यात दार बंद होत नाही. म्हणून त्या एका कपाटाला तरी मरीन प्लाय घाला, आयएस ७१० छापलेला, आणि तळाला एक स्टीलचा ट्रे.

काउंटरच्या उंचीचं डिझायनरशी बोलून घ्या. बार म्हटलं की लोक बेचाळीस इंच करतात, उंच स्टुलावर बसायला. बसणाऱ्यांसाठी ठीक आहे, पण सिंक त्या उंचीत बसवलं तर तांब्याच्या बाऊलचीच रडकथा परत. समोरची पट्टी उंच, मागची कामाची बाजू चौतीस-पस्तीस इंचावर, सिंक मागे. समोरच्यांना सिंकमधले खरकटे ग्लास दिसत नाहीत हा वरचा फायदा.

नळ स्वान नेकवाला, उंच मानेचा, फिरणारा. पाऊण लिटरची वाइनची बाटली साधारण एक फूट उंच असते. आठ इंचाचं सिंक आणि त्याच्या वर आठ-दहा इंचावर नळाचं तोंड असलं की ती खाली आरामात उभी राहते. गरम पाण्याची लाइन नको, उगाच भिंत फोडू नका. त्यापेक्षा ड्राय बाल्कनीच्या भिंतीतून होल मारताच आहात तर किचनच्या आरओची ती पाव इंची बारीक नळी तिथून आणून बारवर छोटा पिण्याच्या पाण्याचा नळ लावा. व्हिस्कीत पाणी, कॉफी मशीनमध्ये पाणी, पाहुण्यांना पाणी, सगळं हॉलमध्येच, आणि सासूबाईंना दुपारी औषधाच्या गोळीसाठी किचनपर्यंत उठायला नको. एवढं झालं की सिंकला त्यांचा विरोध राहतो का बघा, मला नाही वाटत.

आता एक गोष्ट जी कोणीच सांगत नाही आणि घरच्या बारचं सिंक निम्म्या वेळा तिच्यामुळेच बदनाम होतं. ट्रॅपमध्ये दीड-दोन इंच पाणी कायम साठलेलं असतं, गटाराचा वास तेच अडवतं. किचनचं सिंक दिवसातून वीस वेळा वापरलं जातं, तिथे ते पाणी भरलेलंच राहतं. बारचं सिंक तीन-तीन आठवडे कोरडं, एप्रिल-मेमध्ये ते पाणी उडून जातं आणि एक दिवस हॉलमध्ये वास, मग लोक म्हणतात सिंक खराब निघालं. आठवड्यातून एकदा दोन तांबे पाणी ओता, बस. सुट्टीत गावाला जाताना ओतलेल्या पाण्यावर चमचाभर गोडंतेल सोडा, वर तवंग राहतो आणि पाणी लवकर उडत नाही.

पंधरा हजारात हे बसेल, सिंकपेक्षा नळावर जास्त गेले तरी चालतील, कारण हलणारी वस्तू तीच आहे आणि बिघडते पण तीच. आणि तुम्ही विचारलं नाहीये तरी सांगते, परमिट काढलंय ना? आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा लागू आहे, घरात बाटली ठेवायला आणि प्यायला परमिट लागतं, वर्षाचं मिळतं, आजीवन पण मिळतं, ऑनलाइन अर्ज होतो. एवढा खर्च करताय तर तो कागद पण फाइलमध्ये असू द्या.

कामाचा क्रम तेवढा पाळा. सिंक प्रत्यक्ष घरात आल्याशिवाय ग्रॅनाइटवाल्याला कटिंग करू देऊ नका, कॅटलॉगमधल्या मापावर तर अजिबात नाही. खालून बसवलेलं सिंक नुसत्या सिलिकॉनवर लटकवून मिस्त्री निघून जातात, बर्फ आणि पाण्याने भरल्यावर ते वजन सिलिकॉनचं काम नाही, खाली लोखंडी पट्ट्यांचा नाहीतर ब्रॅकेटचा आधार मागा आणि पूर्ण भरून रात्रभर तसंच ठेवून मगच पेमेंट करा. आणि सगळं झाल्यावर शेवटी फरशी साफ करायला माणसं ॲसिड घेऊन येतात, त्याच्या नुसत्या वाफेने नवीन स्टील तांबूस-काळं पडतं, ते येऊन जाईपर्यंत सिंकवरचं प्लॅस्टिक काढू नका, वर ओलं फडकं टाका, आणि त्यांच्या बादल्या तुमच्या नव्या सिंकमध्ये रिकाम्या होत नाहीयेत ना ते बघायला कोणीतरी घरी थांबा.